सात वाजताची खा-खा दुपारी एकलाच ठरलेली असते

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असल्यास ती आपल्याला लगेच दिसेल. आपले वय ३८, वजन ६२ किलो, घर ठाण्याला आणि नोकरी फोर्टमध्ये. गेले पाच महिने आपण पहाटे पाचला उठून पाऊण तास भरभर चालता आणि शनिवार-रविवार व्यायामशाळेत जाता. सकाळी वाटीभर पपई आणि बिनसाखरेची कॉफी, दुपारच्या डब्यात एक ज्वारीची भाकरी, जवळजवळ बिनतेलाची पालेभाजी व काकडी, चार वाजता एक सफरचंद, असा आपला दिवस जातो. संध्याकाळी सव्वासातला घरात पाऊल टाकले की खांद्यावरची पर्स उतरण्याआधीच हात शेवेच्या डब्यात जातो, मग जेवण अर्धवट होते, आणि साडेदहाला सगळी निजानीज झाल्यावर काहीतरी गोड हवेच असते. पहिले चार किलो उतरले, आता दोन महिने काटा जागचा हललेला नाही. ‘मनावर ताबा कसा मिळवावा?’ असे आपण विचारले आहे.

पुण्यात आहारसल्ल्याचे काम करत मला एकोणीस वर्षे झाली, आणि हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी घेऊन येते. माझे उत्तर असे की आपल्या बाबतीत तरी प्रश्न ताब्याचा दिसत नाही. आपण ज्याला तलफ म्हणता त्यातला मोठा भाग साधी, थकीत राहिलेली भूक आहे. थोडा भाग खरोखरच तलफ असेल, आणि त्याकडे मी पुढे येते. पण आधी भुकेचा हिशेब चुकता झाल्याशिवाय तलफ किती आहे हे आपल्यालाही कळणार नाही आणि मलाही.

तो हिशेब करून पाहू. पपई, कॉफी, भाकरी, भाजी, काकडी आणि सफरचंद यांची बेरीज साधारण ४५० ते ५०० कॅलरी होते, आणि त्यात प्रथिने १२ ग्रॅमच्या आसपास असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी लागतात, आणि प्रथिने दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे आपल्या वजनाला सुमारे ५१ ग्रॅम. आपण तर बैठे काम करून शिवाय चालता, लोकलमध्ये तासभर उभ्या राहता आणि घरी येऊन स्वयंपाक करता. पहाटे पाचपासून संध्याकाळी सातपर्यंत, म्हणजे जागेपणाच्या चौदा तासांत, आपल्या शरीराला दिवसाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी अन्न आणि चौथ्या हिश्श्याइतकी प्रथिने मिळालेली असतात. अशा वेळी शेवेचा डबा उघडणारा हात दुबळ्या मनाचा आहे असे मी म्हणणार नाही. तो अगदी रास्त मागणी करतो आहे, फक्त भलत्या पदार्थाकडे.

हे मी शिकले ते माझ्याच चुकीतून. व्यवसायाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी येणाऱ्या प्रत्येकीला १२०० कॅलरींचे एकच छापील पत्रक देत असे. एका शाळेत शिकवणाऱ्या बाई ते पत्रक सहा आठवडे काटेकोर पाळून मला भेटायला आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, “मॅडम, रात्री सगळे झोपले की मी अंधारात ओट्यापाशी उभी राहून पोळीला तूप-साखर लावून खाते. एक झाली की दुसरी.” मी त्यांना निर्धाराबद्दल चार शब्द सुनावले. त्या पुन्हा आल्या नाहीत. आज वाटते की त्यांच्याऐवजी मी माझ्या पत्रकाला चार शब्द सुनवायला हवे होते.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी केलेला उपासमारीचा प्रयोग या संदर्भात मला नेहमी आठवतो. स्वेच्छेने आलेल्या ३६ निरोगी तरुणांना सहा महिने त्यांच्या नेहमीच्या आहाराच्या निम्म्यावर, म्हणजे १६०० कॅलरींच्या आसपास ठेवले होते, आणि त्याबरोबर चालण्याचा व्यायामही ठरवून दिलेला होता. ती माणसे दिवसभर अन्नाविषयीच बोलू लागली, पाककृतींची पुस्तके जमवून वाचू लागली, त्यांना स्वप्नेही जेवणाची पडू लागली. ते पुरुष होते आणि त्यांचे हाल आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक झाले, त्यामुळे तुलना शब्दशः घेऊ नये; परंतु कमी खाणारे मन अन्नाभोवती घोटाळते, आणि त्यात चारित्र्याचा काही दोष नसतो, एवढे त्यातून स्वच्छ दिसते.

मग करायचे काय? अन्न दिवसात पुढे ओढायचे. रात्रीचे आणि शेवेचे जे काही आहे ते सकाळी आणि दुपारी सरकवायचे, आणि प्रत्येक खाण्यात प्रथिनांचा एक ठळक पदार्थ ठेवायचा. सकाळी पपई जरूर खावी, पण तिच्याबरोबर मुगाची दोन धिरडी आणि दही, किंवा दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी असावी. पोहेच हवे असतील तर त्यात मूठभर मोडाची मटकी आणि शेंगदाणे घालावेत; नुसत्या पोह्यांवर अकरा वाजता पोटात खड्डा पडतो हे आपण अनुभवलेच असेल. दुपारी भाकऱ्या दोन, आणि पालेभाजीबरोबर उसळ, घट्ट वरण किंवा पिठले. डब्यातून वरण नेणे जिकिरीचे वाटत असेल तर भाजीच पीठ पेरून करावी अथवा मुगाची डाळ घालून करावी. मांसाहार चालत असेल तर काम आणखी सोपे होते.

सगळ्यांत महत्त्वाचे खाणे मात्र मी संध्याकाळी साडेपाच-सहाला ठेवीन, म्हणजे कार्यालयातून निघण्याआधी. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, फुटाणे आणि एक ताकाची पिशवी. किंवा उकडलेल्या शेंगा. किंवा सकाळीच उकडून नेलेले अंडे. फुटाण्यांच्या त्या मुठीत सहा ग्रॅमच्या वर प्रथिने असतात आणि चघळायला वेळ लागतो. आपण विचाराल की सफरचंदात काय वाईट आहे? वाईट काहीच नाही. ते चार वाजता खाल्ले की सात वाजेपर्यंत टिकत नाही, इतकेच. आपल्याला ठाण्याच्या फलाटावर उतरताना भूक ‘थोडीशी’ असायला हवी. ती आज ‘वखवख’ असते.

येथे मला एक आडवळण घ्यायचे आहे, कारण आपल्या प्रश्नातला ‘जवळजवळ बिनतेलाची पालेभाजी’ हा शब्दप्रयोग मला खटकला. पोट भरले तरी जीभ उपाशी राहू शकते. आपले जुने मराठी ताट आठवा: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मध्ये भात, पोळी, आणि सणावाराला गोड असले तर तेही त्याच ताटात, जेवणाच्या सोबतीने. आंबट, तिखट, खारट, तुरट, गोड सगळे त्या एका बैठकीत उरकत असे. आरोग्याच्या नावाखाली आपण त्या ताटाची डावी बाजू पुसून टाकली, फोडणी बंद केली, आणि मग जीभ संध्याकाळी शेव-फरसाणाकडे नेमके तेच मागायला जाते: कुरकुरीत, तिखट, खारट, चुरचुरीत.

हिशेबानेही हे महाग पडते. एक चहाचा चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. तेवढ्यात जिरे-मोहरी, लसूण, हिरवी मिरची तडतडून अख्खी भाजी जिवंत होते. पन्नास ग्रॅम शेव, जी डब्यात हात घालून उभ्याउभ्या सहज संपते, पावणेतीनशे कॅलरींच्या पुढे जाते. तेव्हा फोडणी परत आणा. डब्यात जवसाची, कारळ्याची किंवा लसणाची चटणी चमचाभर न्या, कांदा कच्चा न्या, ठेचा सोसत असेल तर ठेचा न्या. रक्तदाब असेल तर लोणचे-पापडाचे मीठ सांभाळावे लागेल, ही अट आहेच. माझ्याकडे येणाऱ्या एका बँक अधिकारी गृहस्थांची संध्याकाळची भेळ केवळ डब्यात लसणाची चटणी आणि कांदा आल्याने आठवड्यातून पाच वेळांवरून एका वेळेवर आली. त्यांच्या आहारात मी दुसरे जवळजवळ काही बदलले नव्हते. सगळ्यांचे असे होईल असे नाही, पण हा उपाय इतका स्वस्त आहे की तो आधी करून पाहावा.

आता उरलेली, खरीखुरी तलफ. मराठीत हा शब्द आपण मुख्यतः चहा आणि तंबाखूसाठी वापरतो, आणि तो नेमका आहे; कारण तलफेला वेळ असते, जागा असते आणि ती एकाच पदार्थाची असते. भूक पिठले-भाकरीनेही भागते. म्हणून स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा: ‘आत्ता समोर गरम वरण-भात आला तर खाईन का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ती भूक आहे, आणि सरळ जेवायला बसावे, मग घड्याळात सात का वाजले असेनात. उत्तर ‘नको, मला ती बुंदीच हवी’ असे असेल तर ती तलफ.

तलफ चित्रांवर जगते. पदार्थ डोळ्यांपुढे दिसतो, त्याचा वास आठवतो, दाताखालचा आवाज ऐकू येतो. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी लोकांना अशा वेळी तीन मिनिटे टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ खेळायला लावला तेव्हा त्यांची तलफ कमी झालेली आढळली. डोळ्यांपुढची जागा ठोकळ्यांनी व्यापली की पदार्थाचे चित्र तेथे ठरत नाही, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. माझ्या अनुभवात डोळे आणि हात दोन्ही गुंतवणारे कोणतेही काम चालते. मी स्वतः बाहेरच्या खोलीत बसून मेथी निवडते किंवा मटार सोलते. दूरदर्शन मालिका पाहणे मात्र उपयोगाचे नाही, कारण तेव्हा हात मोकळे असतात आणि अधूनमधून जाहिरातीत चॉकलेट वितळत असते.

डब्याची जागाही बदलावी. आपली शेव ओट्यावर, पारदर्शक बरणीत, डोळ्यांच्या उंचीवर असेल असा माझा अंदाज आहे. ती स्टीलच्या डब्यात, माळ्यावर, स्टुलावर चढून काढावी लागेल अशी ठेवली तर निम्मे काम होते. आणि घरात शिरल्यावर पहिली दहा मिनिटे स्वयंपाकघरात जायचेच नाही. हातपाय धुवावेत, कपडे बदलावेत, मग आत जावे. आपल्याकडे बाहेरून आल्यावर हातपाय धुण्याची जी रीत होती तिचा हा एक अनपेक्षित लाभ आहे.

शेव किंवा गोड पूर्ण बंद करावे का, याचे उत्तर माणसावर अवलंबून आहे, आणि येथे मी कोणालाही एकच नियम सांगत नाही. एखादा पदार्थ अचानक वर्ज्य केला की पहिले काही दिवस त्याचीच आठवण तीव्र होते, हे खरे. परंतु काही आठवडे तो आहारात नसला तर आठवण हळूहळू बोथट होते, हेही दिसते. काही जण पाकीट फोडून तीन बाकरवड्या खाऊन उरलेले बांधून ठेवू शकतात. काहींना ते कधीच जमत नाही. मी दुसऱ्या प्रकारातली आहे, म्हणून माझ्या घरी बाकरवडी पाहुणे येतात तेव्हाच येते. आपण कोणत्या प्रकारात आहात हे आपल्याला नक्की ठाऊक असेल. पहिल्या प्रकारात असाल तर शेव वाटीत काढून, ताटात घेऊन, जेवणासोबत खावी; डब्यातून थेट तोंडात हा मार्ग तेवढा बंद. गोडाचेही तसेच: रात्री साडेदहाला चोरून घेण्यापेक्षा रात्रीच्या जेवणात एक लाडू उघडपणे ताटात वाढून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवण्यास सांगितले आहे. आपण कॉफीतली साखर सोडलीच आहे, त्यामुळे एका लहान लाडवाला त्या मर्यादेत जागा आहे. गुळाला या हिशेबात वेगळी सवलत नाही. तो साखरेच्याच खात्यावर जातो.

अनेक जणी मला सांगतात की चॉकलेटची इच्छा म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता. तसे असते तर आपल्याला तिळाची आणि भोपळ्याच्या बियांचीही तितकीच ओढ लागली असती, कारण मॅग्नेशियम त्यांतही भरपूर असते. तशी लागलेली मी कोणाला पाहिलेली नाही. या समजुतीला एक मोठा अपवाद आहे. बर्फ, खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर रक्तातील हिमोग्लोबिन आणि लोह तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, तेव्हा ही शंका दूरची समजू नये.

झोपेबद्दल आपण फक्त एका वाक्यात लिहिले आहे, पण मला ते वाक्य फार मोठे वाटते: साडेअकराला झोपणे आणि पाचला उठणे, म्हणजे साडेपाच तास. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले, तेव्हा भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले, तृप्ती सांगणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, आणि ओढ वाढली ती विशेषकरून गोड, खारट व पिठूळ पदार्थांची. बारा माणसांवरून सगळ्या जगाचे अनुमान काढू नये, परंतु माझ्याकडे येणाऱ्यांच्या वह्यांत अपुऱ्या झोपेनंतरचा दिवस मी तारीख न पाहता ओळखू शकते. माझा सल्ला आपल्याला कदाचित उलटा वाटेल: आठवड्यातून दोन दिवस पहाटेचे चालणे सोडा आणि सव्वासहापर्यंत झोपा. ते चालणे दुपारच्या सुटीत वीस मिनिटे आणि संध्याकाळी स्थानकावरून घरापर्यंत रिक्षा न करता भरून काढता येईल.

व्यायामाविषयी एवढेच म्हणेन की त्याचे बक्षीस खाण्यातून घेऊ नये. आमच्याकडे तळजाईच्या टेकडीवर रोज सकाळी निष्ठेने चढणारे अनेक जण खाली उतरून तितक्याच निष्ठेने वडापाव खातात. आपल्या वजनाला पाऊण तास भरभर चालण्यात दोनशेच्या आत-बाहेर कॅलरी खर्च होतात. एक वडापाव त्याहून अधिक परत देतो. व्यायाम करावा तो स्नायूंसाठी, रक्तातील साखर ताब्यात राहण्यासाठी, हाडांसाठी आणि मनासाठी. आपण व्यायामशाळेत जाता ते चाळिशीच्या उंबरठ्यावर फारच योग्य आहे, आणि त्यासाठी तर प्रथिने आणखीच हवीत.

मासिक पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक आणि गोडाची ओढ दोन्ही वाढणे स्वाभाविक आहे. त्या दिवसांत दुपारी अर्धी भाकरी आणि संध्याकाळी एक खाणे वाढवावे, आणि काट्यावर उभे राहू नये, कारण शरीरात पाणी साठल्याने तो उगाच घाबरवतो.

काही परिस्थितींत माझे हे उत्तर अपुरे आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि खा-खा होताना घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते. तेव्हा तलफ आवरत बसू नये, लगेच साखर घ्यावी आणि डॉक्टरांशी औषधाच्या मात्रेबद्दल बोलावे. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, तहान फार लागत असेल, तर थायरॉइड व रक्तशर्करा तपासावी. स्टेरॉइड आणि काही मानसोपचाराच्या औषधांनीही भूक वाढते. ती औषधे स्वतःहून थांबवू नयेत. आणि थोड्या वेळात अनावर प्रमाणात खाणे, नंतर तीव्र अपराधी वाटणे, उलटी काढणे असे वारंवार होत असेल तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. आपल्या लिहिण्यात मला तसे काही दिसले नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला ते लागू असू शकते.

उद्यापासून एकदम सगळे बदलू नका. पहिला आठवडा फक्त दुपारचा डबा दुरुस्त करा आणि साडेपाचचे फुटाणे-ताक सुरू करा. शेवेला हातही लावू नका, म्हणजे बंद करू नका आणि लपवूही नका. एका छोट्या वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: आदल्या रात्री किती तास झोपलात, सात वाजता भूक दहापैकी किती होती, आणि शेव किती वाट्या गेली. काटा पहिले दोन-तीन आठवडे पाहू नका, कारण दुपारी अन्न वाढल्यावर तो आधी थोडा वरही जाऊ शकतो आणि त्या धास्तीने आपण पुन्हा एका भाकरीवर याल. दुसऱ्या आठवड्यात सकाळची धिरडी आणि भाजीची फोडणी, तिसऱ्यात झोप. इतके करूनही साडेदहाचे गोड तसेच राहिले, तर ती सवय आहे असे समजून आपण त्या लाडवाच्या जागेबद्दल पुन्हा बोलू. तेव्हा वही जवळ ठेवून लिहा, म्हणजे मला अंदाज बांधावे लागणार नाहीत.